सिन्नर चालत नाही, निफाड चालते : बेसिक भाषेतील मोकळ्या जागेची गोष्ट

सप्टेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या अगदी सुरुवातीच्या काळातील एका प्रोग्रामचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला केला. ६५०२ नावाच्या स्वस्त प्रोसेसरसाठी १९७६ मध्ये लिहिलेली ती बेसिक या संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषेची आवृत्ती होती आणि तिचा सगळा पसारा ६,९५५ ओळींचा होता. कमोडोर कंपनीने १९७७ साली एकरकमी २५ हजार डॉलर मोजून ती घेतली आणि पुढे घरोघरी पोहोचलेल्या कमोडोर ६४ या संगणकात तिचाच वारसा चालू राहिला. ही बातमी वाचून माझ्या भाचीचे कुतूहल चाळवले. निफाड तालुक्यातून दिवाळीच्या सुट्टीत ती नाशिकला आमच्याकडे आली होती. तिने लॅपटॉपवर त्या जुन्या कमोडोरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम चालू केला आणि आपल्या जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांची नावे घेऊन प्रत्येक नावाला एक आकडा द्यायला सुरुवात केली.

नाशिक चालले. निफाड, येवला, कळवण, सुरगाणा, देवळा हेही चालले. सिन्नर मात्र यंत्राने नाकारले आणि पडद्यावर 'सिंटॅक्स एरर' असे उमटले, म्हणजे वाक्यरचना चुकली आहे. तिने स्पेलिंग तीनदा तपासले. त्यानंतर दिंडोरी अडले, चांदवड अडले, नांदगाव आणि मालेगावही अडले. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ आणि बागलाण यांना काहीच झाले नाही. शेवटी तिने स्वयंपाकघरात येऊन विचारले, "मामा, या कॉम्प्युटरला आपले हे पाचच तालुके का खुपतात?"

या प्रश्नाचे उत्तर शब्दांमधल्या मोकळ्या जागेत आहे. ते नीट समजले तर बेसिकच नव्हे, तर आज शाळेत शिकवली जाणारी पायथन भाषा जागेबाबत इतकी कडक का आहे, याचाही उलगडा होतो. एक खुलासा आधीच करतो. या लेखात आज्ञा आणि नावे देवनागरीत दिली आहेत, पण त्या यंत्रावर ती रोमन मोठ्या अक्षरांतच टंकावी लागतात, म्हणून जिथे स्पेलिंगचा प्रश्न येतो तिथे मी एकेक अक्षर सुटे सांगितले आहे.

काल वाहिला की कालवा हिला?

मोकळी जागा म्हणजे स्पेस बारने पडणारी जागा, ओळीच्या सुरुवातीला सोडलेला समास, दोन परिच्छेदांमधली कोरी ओळ, थोडक्यात ज्याला शाई लागत नाही ते सगळे. आपण तिला 'काहीच नाही' असे समजतो, परंतु वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती एक खूणच असते. 'कालवाहिला' ही अक्षरे सलग लिहिली तर ओढा काल वाहिला, असाही अर्थ निघतो आणि गंगापूर धरणाचा कालवा हिला मिळाला, असाही. अक्षरे तीच राहतात, फक्त शब्दाची सीमा सरकते.

ज्यांनी जुन्या जमिनीचे मोडीतील कागद पाहिले आहेत, त्यांना ही अडचण चांगलीच माहीत असेल. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे टांगली जात आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती. लिहिणारा कारकून हात न उचलता झपाट्याने लिहीत असे, कारण शब्द कुठे तोडायचा हे ठरवण्याचे काम वाचणाऱ्यावर सोपवलेले होते. वाचणारा जाणकार असेल तर तो संदर्भावरून बरोबर तोडतो. कोर्टातल्या दाव्यात मात्र एखाद्या गावाचे नाव चुकीच्या जागी तुटले, तर मोडी वाचक बोलवावा लागतो.

सीमा कुठे ना कुठे असतेच. प्रश्न एवढाच, की ती लिहिणाऱ्याने दाखवायची की वाचणाऱ्याने शोधायची. बेसिकच्या पहिल्या काही दशकांत वाचणारा होता संगणक, आणि तो मोडी वाचकाइतका जाणकार अजिबात नव्हता.

सेकंदाला दहा अक्षरे

बेसिकचा जन्म १ मे १९६४ रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य चार वर्षांचे झाले त्या दिवशी, पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमध्ये झाला. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांना अशी भाषा हवी होती, की इतिहास किंवा साहित्य शिकणारा विद्यार्थीही दोन-तीन तासांत तिच्यात काहीतरी करून पाहू शकेल. त्यांनी ठेवलेल्या नियमांपैकी एक असा, की अवतरणचिन्हांमधला मजकूर सोडला तर इतरत्र मोकळ्या जागेला काहीही अर्थ नाही. हवी तेवढी टाका, किंवा टाकूच नका.

त्या काळी हा नियम उदारही होता आणि सोयीचाही. विद्यार्थी टेलिटाइपवर काम करीत, आणि हे खडखडणारे यंत्र कागदावर सेकंदाला केवळ दहा अक्षरे छापत असे. नवशिक्याच्या हातून जागा कमीजास्त पडणारच, त्यासाठी त्याला बोल लावायचा नाही, असा त्यामागचा विचार होता. फोरट्रान ही त्याआधीची, १९५७ सालची भाषासुद्धा जागेकडे दुर्लक्षच करीत असे, पण तिथे प्रत्येक ओळीची पहिली पाच घरे क्रमांकासाठी, सहावे घर मागची ओळ पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी आणि खरा मजकूर सातव्या घरापासून, असा पंचकार्डाचा, म्हणजे छिद्रे पाडून मजकूर नोंदवायच्या कार्डाचा, काच होता. बेसिकने तो काच काढून टाकला.

जागा दुर्लक्षित करूनही डार्टमथच्या बेसिकमध्ये घोटाळे का होत नव्हते, याचे कारण मला सर्वात महत्त्वाचे वाटते. प्रोग्राममध्ये एखादी किंमत साठवायची असेल तर तिला नाव द्यावे लागते; अशा नावाला व्हेरिएबल म्हणतात. डार्टमथच्या बेसिकमध्ये व्हेरिएबलचे नाव एका अक्षराचे, किंवा एक अक्षर आणि एक आकडा एवढेच असू शकत होते. म्हणजे २६ अधिक २६०, एकूण २८६ नावे. शिवाय प्रत्येक वाक्याची सुरुवात 'लेट', 'प्रिंट', 'फॉर' अशा राखीव शब्दाने, म्हणजे भाषेने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलेल्या शब्दाने करणे सक्तीचे होते. एका अक्षराच्या नावात दुसरा शब्द लपायला जागाच कुठे असते? घरात एकच खोली असली, की भिंत कुठे आहे हे कोणी विचारीत नाही.

पाच तालुके नेमके कुठे अडले

दहा-बारा वर्षांनी घरगुती संगणक आले आणि चित्र बदलले. लोकांना लांब, अर्थपूर्ण नावे हवी होती, आणि त्याच वेळी यंत्राची स्मरणशक्ती अगदी तुटपुंजी होती. १९७५ मध्ये बिल गेट्स, पॉल ॲलन आणि मॉन्टी डेव्हिडॉफ यांनी अल्टेअर या संगणकासाठी लिहिलेले पहिले बेसिक अवघ्या ४,०९६ बाइट्सच्या संगणकात चालणे अपेक्षित होते, आणि वापरणाऱ्याचा प्रोग्रामही त्यातूनच उरलेल्या जागेत बसायचा होता. एक बाइट म्हणजे ढोबळमानाने एक अक्षर.

या अडचणीवर टोकन हा उपाय निघाला. किराणा दुकानदार यादीत 'तूरडाळ एक किलो' असे पूर्ण न लिहिता 'तू १' असे लिहितो, तसे बेसिक प्रत्येक राखीव शब्दाच्या जागी एका बाइटचा सांकेतिक क्रमांक ठेवते. 'प्रिंट' या पाच रोमन अक्षरांच्या शब्दाला मग एकच बाइट लागतो. कमोडोर ६४ मध्ये बेरीज-वजाबाकीची चिन्हे धरून असे ७६ संकेत आहेत.

आता खोट कुठे आहे ते पाहू. आपण ओळ टंकून एंटर दाबताच यंत्र ती डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर पुढे सरकत वाचते आणि दर अक्षरापाशी विचारते, की इथून एखादा राखीव शब्द सुरू होतो आहे का? सापडला की लगेच त्याचे टोकन करते. आजूबाजूला मोकळी जागा आहे की नाही, हे ते पाहतच नाही, कारण जागेला अर्थ नाही हा नियम वारशाने आलेला आहे.

सिन्नरच्या स्पेलिंगची पहिली तीन अक्षरे एस, आय, एन अशी आहेत. त्रिकोणमितीतल्या साइनचा राखीव शब्द तोच. यंत्राने ती तीन अक्षरे उचलली आणि मागे 'नर' तेवढा उरला. दिंडोरीत शेवटून दुसरे-तिसरे अक्षर ओ, आर. म्हणजे 'किंवा' या अर्थाचा 'ऑर'. चांदवड आणि नांदगावात ए, एन, डी. म्हणजे 'आणि' या अर्थाचा 'अँड'. मालेगावच्या शेवटी ओ, एन. तोही राखीव शब्द. गावाच्या नावात शेवटी 'गाव' असले, की इंग्रजी स्पेलिंग ओ-एनवर संपते, त्यामुळे लासलगाव, पिंपळगाव आणि नांदगाव यांच्यापैकी एकाचाही या यंत्रात निभाव लागत नाही. पेठला सरकारी कागदांवर कधी कधी दिसणारे 'पेइंट' असे जुने स्पेलिंग वापरले असते तर त्यातला आय-एन-टी हा राखीव शब्द आडवा आला असता आणि अडलेल्या तालुक्यांची संख्या सहा झाली असती. गोदावरीचीही सुटका नाही, कारण 'गो' हाही कमोडोरमध्ये राखीव शब्द आहे.

भाचीने मग पिकांकडे मोर्चा वळवला. द्राक्ष चालले. कांद्याच्या स्पेलिंगमध्ये मात्र बरोबर मधोमध 'अँड' बसलेला, दोन्ही बाजूंना एकेक अक्षर. इंग्रजीत लिहू म्हटले तर ओनियनमध्ये 'ऑन' चक्क दोनदा येतो. टोमॅटोच्या दोन्ही टोकांना 'टू' आहे. नाशिक जिल्ह्यातला शेतीमाल या भाषेच्या इतका आड येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

यातली सर्वात त्रासदायक बाब अशी, की कमोडोरवर प्रोग्राम परत पडद्यावर मागवला तर लासलगाव जसे टंकले तसेच, एकसंध दिसते. यंत्राने आतून ते दोन तुकड्यांत तोडलेले असते, पण दाखवत नाही. त्याच मुळापासून निघालेले ॲपल टू संगणकावरील बेसिक याबाबत अधिक प्रामाणिक होते. ते टंकलेल्या सगळ्या जागा आधी फेकून देई आणि यादी दाखवताना प्रत्येक राखीव शब्दाच्या दोन्ही बाजूंना स्वतःची जागा घाली, त्यामुळे तिथे 'लासलगा ऑन' असे फुटलेले नाव लगेच डोळ्यांत भरते.

या प्रामाणिकपणाची दुसरी बाजूही होती. ॲपलवर 'ॲट' हा आणखी एक राखीव शब्द होता, म्हणून तिथे इगतपुरीही अडली असती. पण याहून विचित्र प्रसंग 'इफ ए देन' या अगदी साध्या रचनेत येई. अर्थ एवढाच, की ए नावाची किंमत शून्य नसेल तर पुढचे कर. टंकणाऱ्याने ए आणि 'देन' यांच्यामध्ये व्यवस्थित जागा सोडलेली असे. यंत्राने ती फेकली, की ए आणि 'देन'ची चार अक्षरे चिकटत आणि डावीकडून वाचताना आधी ए-टी दिसे. यादीत उमटे 'इफ ॲट हेन'. माणसाने सीमा दाखवली होती, यंत्राने ती पुसली आणि स्वतःच्या समजुतीप्रमाणे नवी आखली. यावर उपाय म्हणजे ए भोवती कंस घालणे, कारण कंसाला अर्थ होता आणि जागेला नव्हता.

आयबीएम जातीच्या संगणकांबरोबर आलेल्या जीडब्ल्यू-बेसिकमध्ये हा नियम बदललेला होता. तिथे राखीव शब्द आणि नाव यांच्यात जागा हवीच. त्यामुळे सिन्नर आणि लासलगाव तिथे सुखाने नांदतात, पण 'फॉर' आणि पुढचा 'आय' चिकटवून लिहिला तर 'फॉरआय' हे एक नवेच नाव समजले जाते आणि ओळ अडते. मी बेसिक शिकलो ते हेच, नव्वदच्या दशकात शालिमारजवळच्या एका क्लासमध्ये. तिथले सर फळ्यावर सगळे एकाला एक चिकटवून लिहीत आणि आमच्या ओळी चालल्या नाहीत की टंकलेखनाला दोष देत. बहुधा ते स्वतः जुन्या पद्धतीच्या यंत्रावर शिकलेले असावेत. तेव्हा मात्र माझा बराच वेळ कीबोर्डवर संशय घेण्यात गेला.

एका जागेची किंमत किती?

यावर कोणी म्हणेल, की जागा न सोडणारे ते लोक निष्काळजी होते. तसे नाही. त्यांच्यापाशी सबळ हिशेब होता.

कमोडोर ६४ सुरू केल्यावर बेसिक प्रोग्रामसाठी ३८,९११ बाइट्स मोकळे असल्याचे ते सांगते. दोनशे ओळींच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक ओळीत दहा जागा सोडल्या तर दोन हजार बाइट्स, म्हणजे एकूण जागेच्या सुमारे पाच टक्के खर्च होतात. वेळेचा हिशेबही तसाच आहे. त्या बेसिकमध्ये प्रोग्राम चालवताना यंत्र दर वेळी ओळ नव्याने वाचते, आणि वाटेत मोकळी जागा आली तर ती ओलांडायला प्रोसेसरचे २१ ठोके लागतात. सेकंदाला साधारण दहा लाख ठोके, या हिशेबाने एका जागेला सुमारे २१ मायक्रोसेकंद. क्षुल्लक वाटेल, पण हजार वेळा फिरणाऱ्या आवर्तनात अशा दहा जागा असतील तर पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक सेकंद केवळ काहीही न वाचण्यात जातो. पडद्यावर चेंडू हलवणाऱ्या खेळात तो वेळ डोळ्यांना जाणवतो.

म्हणून त्या काळातले प्रोग्राम मुठीत दाबलेल्या कागदासारखे दिसतात. आज तेवढ्याशा बाइट्सना कोणी विचारीत नाही, आणि बहुतेक भाषांमध्ये प्रोग्राम चालण्यापूर्वी जागा गाळल्याच जातात, त्यामुळे वेळेचा मुद्दाही उरलेला नाही. हा हिशेब त्या यंत्रांबरोबर संपला. सवय मात्र काहींच्या बोटांत राहिली.

"यंत्राला फरक पडत नसेल, तर मी जागा का सोडू?"

हा आक्षेप भाचीनेही घेतला, म्हणून उत्तर तिच्याच प्रोग्रामवरून देतो. पाच ट्रॉल्या कांद्याला लिलावात मिळालेल्या क्विंटलच्या भावांची सरासरी काढायची होती. इंटरनेटवरच्या जुन्या नमुन्यांचे अनुकरण करून तिने तो एकाच ओळीत बसवला:

१० एस=०:फॉरआय=१टू५:इनपुटबी:एस=एस+बी:नेक्स्ट:प्रिंटएस/५

कमोडोरवर ही ओळ बिनबोभाट चालते. मी तोच प्रोग्राम जागा सोडून लिहायला सांगितला:

१० रेम पाच ट्रॉल्यांचा सरासरी भाव
२० बेरीज = ०
३० फॉर ट्रॉली = १ टू ५
४०     इनपुट भाव
५०     बेरीज = बेरीज + भाव
६० नेक्स्ट ट्रॉली
७० प्रिंट बेरीज / ५

'रेम'पुढचा मजकूर यंत्र वाचत नाही, तो माणसासाठी असतो. तिसाव्या ओळीपासून साठाव्या ओळीपर्यंतचा भाग पाच वेळा फिरतो, आणि मधल्या दोन ओळी आत सरकवल्यामुळे काय पुन्हा पुन्हा होते आणि काय एकदाच होते, हे न वाचताही दिसते. या आत सरकवण्याला इंडेंट म्हणतात. किराणा बिलात प्रत्येक वस्तू आत आणि एकूण रक्कम बाहेरच्या रकान्यात असते, तशातलाच हा प्रकार आहे.

माझे दाजी, म्हणजे भाचीचे वडील, त्या संध्याकाळी तिला न्यायला आले होते. त्यांनी आयुष्यात कधी प्रोग्राम पाहिलेला नाही, पण लासलगावच्या लिलावात वीस वर्षे उभे राहिले आहेत. पहिल्या ओळीकडे त्यांनी फक्त पाहिले आणि चहाचा कप उचलला. दुसरा नमुना त्यांनी बोट फिरवत वाचला आणि पन्नासाव्या ओळीवर थांबून म्हणाले, "यात वजन कुठंय? एका ट्रॉलीत वीस क्विंटल माल असतो, दुसरीत तीस. नुसते भाव मिळवून पाचानं भागलं तर ती सरासरी खोटी."

चूक पहिल्या नमुन्यातही होती, तंतोतंत तीच. तिथे ती कोणालाच दिसली नसती, कारण ज्याला कांद्याचे कळते त्याला ती ओळ वाचता येत नव्हती आणि जिला ओळ वाचता येत होती तिला लिलावाचे कळत नव्हते. दोघांना एकाच पानावर आणण्यासाठी जागा लागली, अर्थात नावेही लागली.

मग पायथनसारखी सक्तीच का नको?

पायथन भाषेत इंडेंट हा शोभेचा भाग नसून व्याकरणाचा भाग आहे. आवर्तनात काय येते आणि काय येत नाही, हे तिथे केवळ समासावरून ठरते. चार जागा सोडण्याचा संकेत सर्वमान्य आहे, आणि टॅब व स्पेस यांची विसंगत सरमिसळ केली तर पायथनच्या सध्याच्या आवृत्त्या प्रोग्राम चालवायलाच नकार देतात. शाळेतली मुले या त्रुटीला सर्वाधिक वैतागतात, असे मला शिकवताना दिसते. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल ओरडा खाणे कोणालाच आवडत नाही.

तरी या सक्तीचा फायदा खरा आहे. माणसाला जे दिसते तेच यंत्रही वाचते, त्यामुळे 'इफ ॲट हेन'सारखी फसगत संभवत नाही. त्याची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. व्हॉट्सॲपवरून पाठवताना किंवा एखाद्या फॉर्ममध्ये चिकटवताना पायथनचा समास उडाला, तर प्रोग्रामचा अर्थच उडतो आणि कोणती ओळ आत होती हे सांगायला दुसरे काहीच उरत नाही. बेसिकमध्ये समास उडाला तरी 'नेक्स्ट' हा शब्द आवर्तन कुठे संपते ते सांगत उभा असतो. वरचा कांद्याचा प्रोग्राम खऱ्या कमोडोरवर टंकला तर चाळिसाव्या आणि पन्नासाव्या ओळीचा समास यंत्र गिळूनच टाकते, कारण ओळ क्रमांकानंतरच्या जागा ते ठेवत नाही. तरीही उत्तर बदलत नाही. ज्यांना तिथेही समास हवा असे, ते ओळ क्रमांकानंतर आधी एक विसर्गचिन्ह टाकीत आणि मग जागा सोडीत.

माझे मत विचाराल तर मी सक्तीच्या बाजूने झुकतो, पण पूर्णपणे नाही. शब्दांमधली जागा सक्तीची असावी, हे जीडब्ल्यू-बेसिकने पटवून दिले आहे. ओळीच्या सुरुवातीची जागा सक्तीची असावी की नाही, याबाबत दोन्ही बाजूंना सयुक्तिक म्हणणे आहे, आणि मराठी लिहितानाही आपण तेच करतो. 'माहिती साठी' असे तोडून लिहिणे ही चूक ठरते, पण परिच्छेदाची पहिली ओळ किती आत घ्यायची, हे ज्याने त्याने ठरवावे.

हे काम एडिटर करतो, मग शिकायचे कशाला?

एडिटर म्हणजे ज्यात प्रोग्राम टंकतात ते साधन. हा आक्षेप आजचा वाटतो, पण तसा तो जुनाच आहे. आपल्याकडे १९८४ पासून शाळांमध्ये संगणक नेण्याचा जो सरकारी प्रकल्प सुरू झाला, त्यात बीबीसी मायक्रो हे यंत्र होते, आणि त्याच्या बेसिकमध्ये 'लिस्टो ७' अशी आज्ञा दिली, की प्रोग्रामची यादी दाखवताना यंत्र स्वतःच आवर्तनांना समास देत असे. साठवताना जागा खर्च नाही आणि वाचताना समास तयार, अशी ती चतुर तोड होती. तिथे राखीव शब्दाची अडचणही सौम्य होती, कारण तो नावाच्या सुरुवातीला आला तरच खटका उडे. म्हणजे सिन्नर अडले असते, लासलगाव निभावले असते, आणि नाव छोट्या लिपीत लिहिले तर तेही भय नव्हते. पुढे १९९१ साली डॉस या संगणक चालवणाऱ्या प्रणालीबरोबर क्यूबेसिक आले. त्याच्या एडिटरमध्ये बरोबरच्या चिन्हाभोवती जागा न सोडता ओळ लिहून एंटर दाबले, की जागा आपोआप पडत.

त्यामुळे यंत्राला जमणारी जागा यंत्रावर सोपवायला हरकत नाही. पण एक जागा अशी आहे, की ती कोणताही एडिटर ठरवू शकत नाही. कुठे एक विचार संपतो आणि दुसरा सुरू होतो, तिथली कोरी ओळ. भाव घेण्याचा भाग, हिशेबाचा भाग आणि निकाल छापण्याचा भाग यांच्यामध्ये कोरी ओळ टाकायची की नाही, हे लिहिणाऱ्याच्या मनातले असते. गंमत म्हणजे जुन्या बेसिकमध्ये नेमकी हीच सोय नव्हती. नुसता ओळ क्रमांक टंकून एंटर दाबले, तर कोरी ओळ तयार होण्याऐवजी त्या क्रमांकाची असलेली ओळ पुसली जाई. लोक मग एकटे विसर्गचिन्ह किंवा रिकामे 'रेम' टाकून भागवत.

त्या भाषेने मोकळ्या जागेचा एक प्रकार मात्र आपणहून दिला होता, आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. ओळींना एक, दोन, तीन असे क्रमांक न देता दहा, वीस, तीस असे देण्याचा प्रघात होता, जेणेकरून मागाहून सुचलेली ओळ मधे बसवता यावी. दाजींचा आक्षेप ऐकून भाचीने काही पुसले नाही. तिने ४५ क्रमांक टंकून त्यापुढे 'इनपुट वजन' लिहिले आणि यंत्राने ती ओळ आपोआप चाळीस आणि पन्नासच्या मधे नेऊन ठेवली. पन्नासावी ओळ तिने 'बेरीज = बेरीज + भाव * वजन' अशी बदलली. मग ५५ क्रमांकावर सगळ्या ट्रॉल्यांच्या वजनाची बेरीज ठेवण्यासाठी 'टोटल' हे नाव घेतले आणि प्रोग्राम चालवला.

सिंटॅक्स एरर आली. या वेळी ती स्वयंपाकघरात आली नाही. पडद्यावरच्या त्या नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवर तिने बोट ठेवले, "टी-ओ," असे पुटपुटली आणि ते नाव खोडून तिथे 'एकूण' लिहिले.